रुखवतातला हार्प

लग्नात फेटे बांधणारा आला की ज्ञानूमामा सुतार आपलं डोकं पुढं करत नाहीत, आपला हार्प पुढं करतात. "आधी ह्याला बांधा. मानाचा हाय." फेटेवाल्याला वाटतं, कुणीतरी चेष्टा करतंय. तो हसून इकडंतिकडं बघतो. मामा हसत नाहीत आणि हलतही नाहीत. शेवटी तो बिचारा त्या लाकडी मानेला फेटा गुंडाळतो, तुरा काढतो, शेमला सोडतो, आणि मग कुठं मामा स्वतः खुर्चीवर बसतात. स्वतःच्या फेट्याचा रंग त्यांना कुठलाही चालतो. हार्पच्या फेट्याचा रंग मात्र वरबापाच्या फेट्याशी जुळलाच पाहिजे. एकदा जुळला नाही म्हणून मामांनी निषेध म्हणून अर्धा तास वाजवलंच नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

हार्प म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लाजू नये. आमच्या कोल्हापुरात ते नीट माहीत असलेला मला ठाऊक असा एकच माणूस, आणि त्यानंही तो मोबाईलवरच पाहिला. छातीएवढी उंच, तिकोनी लाकडी चौकट. एका बाजूला पोकळ खोका, वर बाक दिलेली मान, आणि मधे उभ्या सव्वीस तारा. तो खांद्याला टेकवून बसायचं आणि दोन्ही हातांनी छेडायचा. मामांनी तो चार वर्षं खपून स्वतःच्या हातानं केला. सागवान जुन्या दरवाजाचं, वरच्या सुरांच्या तारा मासेमारीच्या दोऱ्याच्या, खालच्या सुरांच्या सतारीच्या. सूर लावायची किल्लीसुद्धा त्यांनी स्वतः घडवली आणि ती ते गोफासारखी गळ्यात घालतात.

मामा चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर तो आधी लाकडात घडवावा लागतो, त्याचा ठसा वाळूत उठवतात आणि त्यात रस ओततात. तो लाकडी नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच जरा मोठा करायचा असतो. ह्याला कारखान्यात श्रिंकेज धरणं म्हणतात. मामा निवृत्त झाले, श्रिंकेज काही झालं नाही. वधूपिता म्हणाला, पाचशे पाहुणे येतील, की मामा माझ्या कानात म्हणणार, "श्रिंकेज धरा, तीनशे." नवरदेवाला मोठी नोकरी आहे म्हटलं की, "श्रिंकेज धरा." एकदा तर भर लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देताना म्हणाले, "सुरवातीला माया जरा जादाच वता. थंड होताना आकसतीया ती." नवरी लाजली, नवरदेवाला काही कळलं नाही.

दुसरं वेड सुताचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मामांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट सुतात मोजता येते. जिलेबी दोन सूत जाड झालीये, भटजी चार सूत डावीकडं सरकून बसलेत, तुमची मिशी उजवीकडं सूतभर जास्त आहे. ते शेवटचं त्यांनी माझ्याबद्दल काढलं होतं, आणि मी घरी जाऊन पट्टी लावून बघितलं. होती.

मामांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं की "मापं जुळली न्हाईत" एवढंच सांगतात आणि विषय फौंड्रीकडं वळवतात. माझा छापखाना आणि त्यामागं घर, त्याला लागून त्यांची एक खोली आहे. मी लग्नपत्रिका छापतो. आयुष्यभर लोकांच्या लग्नांची निमंत्रणं छापून मला लग्न ह्या प्रकाराचा इतका वीट आलाय की फुकटची बासुंदीसुद्धा मला मांडवात खेचू शकत नाही. तरी गेली पाच वर्षं मी दर मोसमात वीस-पंचवीस लग्नं खातोय. कारण माझ्याकडं ओम्नी आहे. हार्प रिक्षात मावत नाही, दुचाकीवर धरता येत नाही, आणि टेम्पोत मामा ठेवू देत नाहीत. माझ्या गाडीची मागची सीट काढली की तो आडवा बसतो. मामांनी टेप लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "प्रेसवाले, दोन सूत जागा उरतीया." त्या दोन सुतांनी माझ्या रविवारांचं वाटोळं केलं.

लग्नात मामांना जागा कुठं मिळेल ह्याचा नेम नसतो. हॉलमधे असलं तर हात धुवायच्या बेसिनाशेजारी. लॉनवर असलं तर आईस्क्रीमच्या काउंटरमागं. खेडेगावात मांडव असला तर जनरेटरजवळ. लोक येतात, बघतात. एका आजोबांनी चष्मा पुसून विचारलं, "इचलकरंजीचा माग हाय काय ओ? काय विणतासा?" मामा म्हणाले, "सूर." आजोबा म्हणाले, "मग कापड कवा निघणार?" एका बाईंनी तारांवर ओला रुमाल वाळत घातला. कुणी आहेराची पिशवी अडकवतं. एकदा नवरदेवाचे मित्र आले आणि म्हणाले, "मामा, जरा नाचायचं होऊ द्या की." मामांनी मान डोलावली आणि जे वाजवत होते तेच पुढं वाजवलं. पोरं त्यावर नाचली. आपल्याकडची पोरं नाचायचं ठरवून आली की वाजतंय काय हे फारसं बघत नाहीत.

आणि बँजो पार्टी तर आहेच. दारात बँजो आणि हलगी सुरू झाली की हार्पच्या तारा आपोआप थरथरतात. मामांना त्याचा राग येत नाही. म्हणतात, "त्येंच्या पोटाचं हाय. माझ्या फक्त मनाचं हाय."

मामांच्या मनात काय आहे ते आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मामांनी स्वतः रचलेली एक चीज आहे. ती वाजवायला अकरा मिनिटं लागतात. संथ सुरू होते, मग चढत जाते, आणि शेवटी एकेक तार गळत गळत एकाच तारेवर येऊन थांबते. ही चीज चार माणसांसमोर पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत एकदा वाजवायची, आणि त्यांनी ती बसून ऐकायची. एवढंच. पाच वर्षांत ते झालं नव्हतं. दोन मिनिटांवर मंगलाष्टकं सुरू व्हायची. सातव्या मिनिटाला जिलेबी यायची. एकदा नऊ मिनिटांपर्यंत गाडी गेली आणि माईकवाल्यानं "एमएच नऊ, पांढरी गाडी, बाजूला घ्या" अशी घोषणा केली. गडमुडशिंगीला एका लग्नात वीज गेली. डीजे मेला, पंखे थांबले, माणसं वारा घेत गप्प बसली. मामा सुरू झाले. लोक माना वळवून बघायला लागले. चार मिनिटं. मग जनरेटर लागला आणि सगळ्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या. ती चार मिनिटं मामांनी मला निदान चाळीस वेळा सांगितली असतील.

आणि मग गेल्या मोसमात एक डॉक्टर आले. मुलाच्या स्वागत समारंभाची पत्रिका छापायला आले होते, आणि मामा नेहमीप्रमाणं माझ्याकडं चहा प्यायला बसले होते. बोलता बोलता डॉक्टर म्हणाले, "आम्हाला डीजे नको. जेवणाआधी अर्धा तास तुमचं वादन ठेवू. खुर्च्या मांडू. लोक ऐकतील." मामांनी कप खाली ठेवला आणि खुर्च्या किती मांडणार ते विचारलं. मी पत्रिकेवर खाली एक ओळ छापली: हार्पवादन, श्री. ज्ञानदेव सुतार. गुरुवारचा कार्यक्रम. मामांनी पंधरा पत्रिका जास्तीच्या मागून घेतल्या आणि भाजीवालीपासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना वाटल्या. ह्या वेळी श्रिंकेज धरलं नाही.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी एक साधं लग्न होतं. मुलगी हुपरीची, स्वाती नाव. बाप तानाजीराव चांदीचे पैंजण करणारा कारागीर, दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारा. मुलगा गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातला, शेती-दूध असलेलं भरलं घर. तानाजीरावही पत्रिकेसाठीच माझ्याकडं आले होते. "वाजंत्री जमणार न्हाई" म्हणाले, आणि मामा म्हणाले, "मी येतो की." संपलं. माझी सीट निघाली.

हॉल कोल्हापुरातच होता. मामांना जागा मिळाली रुखवताच्या टेबलाशेजारी. मुलीकडचे लोक सासरी पाठवायच्या वस्तू, फराळ, हातकाम मांडून ठेवतात ते रुखवत. टेबल मोठं होतं, रुखवत लहान. पाच स्टीलचे डबे, लाडू-करंज्या, स्वातीनं विणलेलं तोरण, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी. वरपक्षाच्या बायका येऊन बघून जात होत्या आणि काही बोलत नव्हत्या. ते न बोलणं तानाजीरावांना ऐकू येत होतं. ते कोपऱ्यात उभे राहून शर्टाची गुंडी चाळवत होते.

शेवटच्या पंगतीला मामा आणि मी जेवायला गेलो. परत आलो तर टेबल रिकामं होतं. हार्पही नव्हता.

झालं होतं ते असं. वरपक्षाला लांब जायचं होतं, घाई होती. त्यांच्यातले तिघंचौघं आले आणि रुखवत टेम्पोत भरायला लागले. टेबलाला टेकून हार्प उभा. त्याच्या डोक्यावर वरबापाच्याच रंगाचा फेटा. घरचाच समजून उचलला म्हणायचं. हॉलचा रखवालदार म्हणाला, "लई जपून नेला ओ. दोघांनी धरलाता."

मामा ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. हार्पच्या पायांचे गालिच्यावर ठसे उमटले होते, तिथं उकिडवे बसले आणि त्या ठशांकडं बघत राहिले. मी तानाजीरावांना फोन लावला. रात्री त्यांचाच उलटा फोन आला.

"पावणं, चूक झाली. पण आता कसं सांगू? पोरीचा फोन आलता, रडत हुती. तिथं रुखवत उतरवताना चुलत सासूनं नाक मुरडलं, 'एवढंच काय?' म्हणाली. तवर ते वाद्य उतरलं. सगळ्या गप. सासू म्हणाली, आमच्या सुनेला असलं वाजवाय येतंय, गावात हाय काय कुणाला? पोरीला न्हाई म्हणायचं धाडस झालं न्हाई. आता उद्या पूजा हाय. अख्खं गाव येणार. तिनं वाजवायचं ठरलंय." मग म्हणाले, "तुमचं वाद्य तुमी न्या. तुमचंच हाय. फक्त तिथं आवाज चढवू नका, पाया पडतो. पोरगी नवी हाय."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कशाला आवाज चढवू? आपलं वाद्य घ्यायचं, दोन शब्द गोड बोलायचं, माघारी यायचं. गुरुवार तोंडावर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. निपाणीच्या पुढं मामा म्हणाले, "तिनं सांगून टाकायचं हुतं. एका वाक्याचं काम." मी म्हटलं, "हो ना." थोड्या वेळानं म्हणाले, "कसं सांगणार म्हणा." मी पुन्हा म्हटलं, "हो ना." गाडी चालवणाऱ्यानं अशा वेळी मतं बाळगू नयेत.

घर ऐसपैस होतं. अंगणात मांडव, केळीचे खुंट, आचारी शिरा परतत होता. घराच्या पुढच्या सोप्यात, देवाच्या चौरंगाच्या बरोब्बर समोर, हार्प उभा होता. फेटा तसाच. हार्पच्या पुढच्या खांबाला हळदीकुंकू. मामांनी चार महिने पॉलिश घासलं होतं त्या खांबाला. मी त्यांच्या दंडाला हात लावला, उगाच, सावधगिरी म्हणून.

घरातली मोठी बाई पुढं आली. स्वातीची सासू. तिला सगळे अव्वा म्हणत होते. गोल चेहरा, कपाळभर कुंकू, मोठा आवाज. "या की, या. बसा. पाणी आण गं." तिच्यामागं एक हडकुळी बाई कमरेवर हात ठेवून उभी. ती चुलत सासू, हे सांगावं लागलं नाही. तिनं विचारलं, "कोण म्हणायचं पावणं?"

स्वाती पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली आणि आम्हाला बघून तिथंच थांबली. हिरवा चुडा, नवी साडी, आणि चेहरा असा की त्यात रक्ताचा थेंब नाही. तांब्यावरचं फुलपात्र वाजायला लागलं. मामांनी बोलायला तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय बोलणार. आम्ही गाडीत दोनदा घोकलं होतं: गैरसमज झालाय, वाद्य आमचं हाय, राग मानू नका.

मामा तिच्या हाताकडं बघत होते. म्हणाले, "मी हिचा मास्तर."

मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून बरं.

"टेंपोत हादरलं असणार. सूर उतरलं असतील. लावाय आलोय," मामा म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं, भिंतीकडं बघून. "एक खोली द्या. दार लावून काम असतंय. शागीर्द आत पायजे, बाकी कोण नको."

अव्वानं आतली खोली दिली. मी मास्तरांचा मदतनीस म्हणून आत शिरलो, नाहीतर बाहेर चुलत सासूच्या हातात सापडलो असतो. दार लागल्याबरोबर स्वाती मामांच्या पायाशी बसून रडायला लागली. मामा म्हणाले, "रडायला वेळ न्हाई. पूजा कवा हाय?"

"चारला."

"म्हंजे पाच तास. बोटं दाखव."

तिनं हात पुढं केले. मामांनी कारखान्यात सामान तपासावं तसे उलटेपालटे करून बघितले. हुपरीत घरोघरी बायका-मुली पैंजणाच्या बारीक कड्या ओवतात, जुळवतात. हिनं लहानपणापासून तेच केलं होतं. मामांचा चेहरा जरा उजळला. "निम्मं काम तुझ्या बापानं करून ठेवलंय की."

मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि हार्पचे सगळे सूर मोडले. गुरुवारसाठी पंधरा दिवस खपून लावलेले सूर. मी म्हटलं, "मामा, हे काय करताय?" ते म्हणाले, "भूप लावतोय." भूप रागात सातांपैकी पाचच सूर असतात. मामांनी सव्वीसच्या सव्वीस तारा त्या पाच सुरांत आणल्या. "आता कुठलीबी तार छेड, कुठल्याबी तारेनंतर. वंगाळ लागणारच न्हाई. ह्यात चुकायचं म्हटलं तरी चुकता येत न्हाई." तिनं भीतभीत एक तार ओढली. मग दुसरी. मग चार. खरंच गोड लागलं. ती रडता रडता हसली.

पुढचे चार तास मी अशी शिकवणी बघितली की माझ्या शाळेचे मास्तर आठवून वाईट वाटलं. "कडी ओवतीस तशी धर. ओढू नको, सोड. तार आपणहून बोलतीया. घाई न्हाई. डावा हात सूतभर वर. हां." एरवी ह्या माणसाला जिलेबीच्या जाडीवरून राग येतो. त्या दिवशी तिनं एकच जागा तीस वेळा बिघडवली आणि हा तीस वेळा "हां" म्हणाला.

चारला पूजा झाली. आरती झाली. सोपा भरला, अंगण भरलं, खिडक्यांत पोरं बसली. स्वाती डोक्यावरचा पदर सावरून हार्पशेजारी बसली. मामा मागं दारापाशी, चपलांच्या ढिगाऱ्याजवळ उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला.

तिनं वाजवायला सुरुवात केली. फार काही नव्हतं ते. खालून वर जायचं, वरून खाली यायचं, मधे थोडं थांबायचं. पण तिचे हात कापत नव्हते. आणि ते एवढं मोठं गाव गप्प बसलं. कुणी कुणाला हाक मारली नाही. शिऱ्याचे द्रोण घेऊन आलेला माणूस उंबऱ्यावर थांबला. चुलत सासूचा कमरेवरचा हात खाली आला. पाचसहा मिनिटं असेल. शेवटची तार वाजली तरी कुणी हललं नाही, आणि मग अव्वानं उठून सगळ्यांदेखत सुनेच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मग अव्वा वळली. "मास्तर, आता तुमचं हू दे. शागीर्द अशी, मग मास्तर कसा असंल! या फुडं. कोण उठू नका रे."

कोण उठणार होतं? दीडशे-दोनशे माणसं मांड्या घालून बसली होती आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. जिलेबी नाही, बँजो नाही, जनरेटर नाही. मी मामांना कोपरानं ढोसलं. "मामा, जा. अकरा मिनिटं. भूपातच वाजवा, कसंही वाजवा, पण वाजवा."

मामा दोन पावलं पुढं गेले. हार्पकडं बघितलं. त्यांची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली होती, मी बघितली. मग त्यांनी स्वातीकडं बघितलं. ती अजून तिथंच बसली होती, सासूचा हात खांद्यावर, चेहरा फुललेला.

"न्हाई अव्वा," मामा म्हणाले. "मी नुसता सूर लावणारा. वाजवायचा हात हिचाच. माझ्याच्यानं असलं हुईत न्हाई."

चुलत सासू म्हणाली, "असं कसं? मास्तराला येत न्हाई?"

"न्हाई येत," मामा म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

निघताना स्वाती गाडीपर्यंत आली. हळूच म्हणाली, "मामा, वाद्य..." मामांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "ऱ्हाऊ दे. भूप मोडू नको. तार तुटली तर बापाला फोन कर, मी येतो." तिला वाकून नमस्कारही करू दिला नाही, घाईघाईनं गाडीत बसले.

वाटेत त्यांनी डॉक्टरांना फोन केला. "वाद्य मोडलंय. गुरुवारी जमणार न्हाई. माफी असावी." फोन खिशात टाकला. माझा संताप अनावर झाला होता. म्हटलं, "गुरुवार गेला तो गेला. पण तिथं तरी वाजवायचं होतं! लोक बसले होते की मामा! पाच वर्षं ह्यासाठीच मला पळवताय ना?"

"बसलीती की," मामा म्हणाले. "म्हणूनच न्हाई वाजवलं. माझं ऐकल्यावर तिचं काय ऱ्हायलं असतं?"

मी गिअर बदलला. माझं डोकं अशा ठिकाणी उशिरा चालतं. मागं दोन सूत सोडून भरलेली असायची ती गाडी रिकामी खडखडत होती.

दिवेलागणीला गल्लीत पोचलो. मी छापखान्याचं शटर ओढत होतो. मामा त्यांच्या दाराशी उभे होते. कुलूप काढलं होतं, पण आत जात नव्हते. मी विचारलं, काय झालं. बारा वर्षांच्या शेजारात ह्या माणसानं कधी आमच्या घरी ताटावर बसायचं नाव काढलं नव्हतं. चहावर सगळं भागवायचे.

"प्रेसवाले," ते म्हणाले, "आज जेवाय तुमच्याकडं येऊ काय? आत कोण न्हाई."

मी मान वळवून आत हाक मारली आणि एक ताट जास्त घ्यायला सांगितलं.